जात्याजवळचं लॅटिन

पाळकसाहेब,

मंडळीच्या मासिकासाठी तुमच्यावरचा मजकूर मी परवा टपालात टाकला. चिटणीस मीच, तेव्हा ते काम माझ्याच गळ्यात पडणार होतं. जन्म कुठला, बाप्तिस्मा कुणाच्या हातून, दीक्षा कधी, सेवा किती वर्षं, मागे कोण. अर्ध्या पानात तुम्ही बसलात. चूक एकही नाही, मी दोनदा तपासलं. पण पाकीट पेटीत टाकून परत येताना वाटत राहिलं की हे मी कुणा भलत्याच माणसाबद्दल लिहून आलो. म्हणून हे दुसरं लिहायला बसलोय. हे कुठे छापायचं नाही. तुम्ही जिथे गेलात त्या गावाची वाट तुम्ही आम्हाला जन्मभर सांगितलीत. तिकडे टपाल जात नाही, ही अडचण मात्र कधी बोलला नाहीत.

तुम्हाला माती दिली त्याला आज नऊ दिवस झाले. माणसं थोडी होती. एरवी भोकरदनपासून परतूरपर्यंतची मंडळी लोटली असती, पण सध्या हैदराबाद संस्थानाचं काय होणार हे कुणालाच ठाऊक नाही. रस्त्यांवर भीती आहे, अर्धा बाजार बंद असतो, ज्यांना जमलं ते वऱ्हाडात सोयऱ्यांकडे निघून गेले. तरी वाटूरचे याकोबदादा आले. सत्तरीचा माणूस, बैलगाडीत दीड दिवस बसून. कबरीपाशी त्यांनी मला एवढंच विचारलं, "मास्तर, सायबासंगं ते गायीचं पुस्तक ठिवलं का?"

नव्हतं ठेवलं. मला सुचलंच नाही.

गायीचं पुस्तक हे नाव याकोबदादांनीच पाडलेलं. खरं म्हणजे ते एका रोमन कवीचं, ख्रिस्तजन्माच्या आधीचं. नांगर कसा करावा, पेरा कधी करावा, मधमाश्या कशा राखाव्यात, सगळं कवितेत. तुम्ही मुंबईच्या कॉलेजात एका म्हाताऱ्या स्कॉटिश प्राध्यापकाकडे ते शिकलात आणि जालन्याला येताना ट्रंकेत घालून आणलंत. इथे ते वाचायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तुम्ही मला धरलंत. मी मिशनच्या बोर्डिंग शाळेत वाढलेला, आईबाप एकाच पटकीत गेलेले, तुमच्या राहेलबाईंच्या हातचं खाऊन मोठा झालेला आणि त्याच शाळेत मास्तर म्हणून चिकटलेला. सरकारची उर्दू, घरची मराठी, साहेबाची इंग्रजी, एवढ्या भाषा पोटापुरत्या होत्या माझ्याकडे. पोटाला काडीचा उपयोग नसलेली पहिली भाषा तुम्ही मला दिलीत. दर मंगळवारी, शाळा सुटल्यावर, तुमच्या ओट्यावर.

पहिल्याच मंगळवारी मी पुस्तक मिटलं होतं, आठवतं? सुरुवातीलाच तो कवी रानाच्या, धान्याच्या, झाडाझुडपांच्या देवांना हाका मारतो. मी म्हणालो, "साहेब, हा तर मूर्तिपूजक."

"मारू द्या की हाका. त्याच्या हाकेला कोन येतंय ते बसून बघू," असं म्हणून तुम्ही हसलात, आणि मग ती गोष्ट सांगितलीत. पुढे ती तुमच्या तोंडून मी शंभरदा ऐकली, पण पहिल्यांदा ऐकली ती त्या ओट्यावर. आपल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांचा पाया घालणारा तो जर्मन सुधारक तरुणपणी मठात शिरला, तेव्हा त्याने कायद्याची सगळी पुस्तकं दुकानदाराला परत करून टाकली. "दोन तेवढी ठेवली. कोन्ती? एक ह्या आपल्या कवीचं, दुसरं एका रोमन नाटकवाल्याचं. दोघं बी मूर्तिपूजक. पुढं त्यानं पोपासंगं जन्माचं भांडण मांडलं, पन ह्या दोघांशी बिलकुल न्हाई. उलट शहराशहराला लिहून कळवलं, पोरांना ह्या जुन्या भाषा शिकवा, न्हाई तर शुभवर्तमान बी हातातून जाईल."

मी विचारलं, का?

"का म्हंजे? गाय चांगली का वाईट हे बराबर सांगनारा मानूस सकाळी कोन्त्या देवाला नारळ फोडून आल्ता, यानं गाय बदलत न्हाई, मास्तर."

मला ते तेव्हा चलाखीचं वाटलं. मी वीस-बावीस वर्षांचा होतो आणि माझा विश्वास कडक इस्त्रीचा होता.

याकोबदादा त्या ओट्यावर आपोआप आले. बाजाराला आले की तुमच्याकडे पाणी प्यायला थांबायचे. एकदा तुम्ही गाय निवडायच्या ओळी मला समजावत होतात: डोकं ओबडधोबड असावं, मान जाड असावी, गळ्याखालची कातडी पार खाली लोंबावी. दादांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"हे कोन्या गावचं मानूस म्हनायचं?"

"रोमचं."

"हयात हाय का?"

"न्हाई हो. दोन हजार वर्सं होऊन गेले."

"मंग त्याच्या टायमाला तिकडं बी काळी जिमीन आसंल," दादा म्हणाले. "मानूस बराबर बोलून राह्यला. गाय त्याला कळती." आणि त्यानंतर वर्षानुवर्षं ते वाटूरहून विचारत राहिले की तुमच्या रोमच्या मानसानं तुरीवर काय सांगितलंय. तुरीवर त्याने काहीच सांगितलेलं नव्हतं. त्यावरून दादांच्या मनातला त्याचा भाव जरा उतरला होता.

हे सगळं मी लिहू शकतो, हसूही येतं. पण मी मुळात लिहायला बसलो ते यासाठी नाही. मला माझ्या लग्नाबद्दल लिहायचंय.

माझ्या लग्नाची हळद राहेलबाईंनी दळली. मला आई नव्हती, तेव्हा ते त्यांनी कुणाला न विचारताच अंगावर घेतलं. तुमच्या पडवीतल्या जात्यापाशी चार बायका बसल्या, खुंट्याला सुपारी बांधली आणि राहेलबाईंनी ओवी धरली. त्या वाटूरकडच्या, लहानपणी आईच्या कडेवर बाप्तिस्मा घेतलेल्या. पण त्यांच्या आईने धर्म बदलला तेव्हा गळा काही बदलला नव्हता. पहिल्या ओळीत राम होता, सीता होती. मग लगेच नवरदेवाची माय स्वर्गातून बघते आहे, असं त्यांनी घातलं. ते माझ्यासाठी होतं, तिथल्या तिथे रचलेलं. आणि ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, ते सोडून मी बघत होतो दाराकडे, कारण दारात मिशनचे मोठे साहेब येऊन उभे होते.

साहेबांनी मला विचारलं, बाई काय गातात? मी म्हणालो, हळदीचं गाणं आहे. त्यांनी मान हलवली. ती मान कशी हलली हे मी पुढचे आठ दिवस उगाळत बसलो. रामाचं नाव त्यांना कळलं असणार. ह्या बोर्डिंगच्या पोराच्या लग्नात जुने देव अजून येऊन बसतात, असं त्यांना वाटलं असणार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. लग्नात नवरदेवाला एवढंच सुचलं.

पुढचं मी लावलं नाही, हे खरं. पंचांच्या सभेत विषय आमच्या खजिनदारांनी आणला. पण त्यांच्याजवळ तो बोललो मी होतो. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, हेही आज सांगायला हवं. ते म्हणाले, काल बाप्तिस्मा घेतलेल्या बायकांना आपण घरचे देव टाकायला लावतो, त्यापायी त्यांना भावकीने टाकलेलं असतं. आणि त्या पाळकाच्या पडवीत रामाचं गाणं ऐकतात, तर मग त्यांनी एवढं सोसलं कशासाठी? ठराव असा होता की मंडळीच्या कुठल्याही घरात जात्यावर जुन्या ओव्या म्हणू नयेत, आणि सुरुवात पाळकाच्या घरापासून व्हावी.

तुम्ही उभे राहिलात. पुन्हा तीच गोष्ट सांगितलीत, त्या जर्मन सुधारकाची आणि त्याच्या दोन पुस्तकांची. "त्या मानसाच्या नावानं आपन मंडळी चालवतो. त्यानं रोमच्या देवांचं पुस्तक उशाला घेतलं आन् त्याचा विश्वास बुडाला न्हाई. आन् आपला विश्वास एका बाईच्या जात्याला भ्यायला?" मग तुम्ही म्हणालात, "पन हा माझ्या घरचा मामला हाय. मी खुर्चीत बसनं बराबर न्हाई." नियमाने शेजारच्या मंडळीचा पाळक बोलवायला हवा होता, पण औरंगाबादहून एवढ्याशा कामाला कोण येणार? तुम्ही खोलीभर नजर फिरवलीत आणि म्हणालात, "मास्तर, तुम्ही बसा इथं."

आणि बाहेर जाऊन लिंबाखाली उभे राहिलात.

आम्ही पाच पंच. एक खुर्चीत, चौघांची मतं. याकोबदादा आणि आणखी एकजण तुमच्या बाजूने, खजिनदार आणि आणखी एकजण ठरावाच्या बाजूने. दोन-दोन झाले आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. याकोबदादा तर निवांत होते. त्यांनी पटका डोक्यावर चढवायला घेतला होता, सभा संपल्यासारखा.

माझ्या मनात त्या वेळी शास्त्रवचन नव्हतं, पाळकसाहेब. आज तुमच्यापाशी तरी खोटं बोलायचं नाही. सभेच्या आदल्या दिवशी खजिनदार कुठेतरी म्हणाले होते की पाळकाच्या घरचं खाल्लेला पोरगा, तो काय पाळकाच्या विरुद्ध जाणार. ते माझ्या कानावर आलं होतं. मला दाखवायचं होतं की मी कुणाचा मिंधा नाही. त्यासाठी मी ठरावाच्या बाजूने मत दिलं. याकोबदादांचा हात पटक्यावरच राहिला.

बाहेर येऊन मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "ठीक हाय. लिहून घ्या." एवढंच.

राहेलबाईंना सांगायला चिटणीस म्हणून मलाच जावं लागलं. त्या तूर निवडत होत्या. ऐकून घेतलं, सूप बाजूला ठेवलं. "मंडळीनं ठरवलं म्हंजे ठरलं," म्हणाल्या. मग अगदी साध्या आवाजात, "मास्तर, तुमच्या लग्नातल्या बी त्यात धरल्या का?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? तिथूनच तर सगळं निघालं होतं.

त्याच दिवशी घरी येऊन मी सगुणालाही सांगितलं. ती धावड्याहून आलेली, लग्नाला पंधरा दिवस झालेले, अजून माझ्याकडे बघून बोलतसुद्धा नव्हती. ती पहाटे जात्यावर बसली की हळू आवाजात काहीतरी म्हणायची. मी म्हणालो, आजपासून ते बंद. तिने मान खाली घातली आणि विषय संपला. मला वाटलं, संपला.

पुढच्या मंगळवारी मी ओट्यावर आलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या मंगळवारी शाळा सुटायच्या वेळेला तुम्हीच बगलेत पुस्तक मारून फाटकात उभे. पोरं बाजूने पळत होती. तुम्ही म्हणालात, "मास्तर, बैल अर्धवट राह्यलाय आपला. चला जल्दी." आणि आपण बैल पुरा केला. तुम्ही त्या सभेबद्दल एक अक्षर काढलं नाहीत. त्या दिवशी नाही, पुढच्या अकरा वर्षांत नाही. ह्याला सगळे तुमचा मोठेपणा म्हणतात आणि मीही मासिकात तसंच लिहिलंय. पण खरं सांगू? तुम्ही एकदा तरी माझ्यावर भडकायला हवं होतं. चार शिव्या घातल्या असत्या, पुस्तक फेकून मारलं असतं, तर मलाही मग तोंड उघडता आलं असतं. तुमच्या चांगुलपणाने माझी वाटच बंद करून टाकली.

मग ते सुरू झालं. पावसाळ्यानंतरचे दिवस होते. मी पहाटे विहिरीवर निघालो होतो, तुमच्या पडवीतून जात्याची घरघर येत होती, आणि तिच्यावर तुमचा आवाज. मी थांबलो. वाटलं, प्रार्थना चालली असेल. प्रार्थना नव्हती. लॅटिन होतं. राहेलबाई दळत होत्या आणि तुम्ही शेजारी पाट टाकून, कंदील ठेवून, गायीचं पुस्तक वाचत होतात. मोठ्याने, वृत्तात, जात्याच्या फेऱ्याला ओळ बसवत. रोमचे रानदेव आणि धान्यदेवता तुमच्या पडवीत खुशाल फिरत होत्या. आपल्या ठरावात त्यांच्याबद्दल काहीच नव्हतं.

पहिल्यांदा मला वाटलं, हा मला टोमणा आहे. रोज माझ्या वाटेवर मुद्दाम वाजवलेला. मी विहिरीची वाट बदलली. मग काही दिवसांनी कळलं की त्यात मी कुठेच नव्हतो. जन्मभर गाऊन दळलेल्या बाईला मुक्याने दळताना बघवत नव्हतं, म्हणून तुमच्याजवळ जे होतं ते तुम्ही तिच्या जात्यात घालत होता. वस्तीतल्या लोकांना ते पाळकाच्या विद्वत्तेचं लक्षण वाटायचं. पाहुणे आले की खजिनदार अभिमानाने सांगायचे, आमचे पाळकसाहेब पहाटे लॅटिन म्हणतात.

मी एकदा राहेलबाईंना विचारलं होतं, कसं वाटतं ते? त्या म्हणाल्या, "चांगलं वाटतं की. पन त्याच्यात भाऊ न्हाई, माहेर न्हाई. आन् मास्तर, हे ओढून ओढून म्हनतेत, जातं पुढं निघून जातं." आणि पदर तोंडाला लावून हसल्या. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. तुमचं वृत्त अगदी चोख होतं, जातंच जरा घाईचं होतं.

आपला वाद मात्र मंगळवारी चालू राहिला, ओव्यांचं नावही न घेता. मी म्हणायचो, रोमच्या देवांची भीती नाही कारण ते मेलेत. त्यांना आता कुणी नैवेद्य दाखवत नाही. आपल्याकडचे देव जिवंत आहेत, पुढच्या गल्लीत त्यांची आरती होते. म्हणून देवांच्या गोष्टी युरोपात पुस्तक असतात आणि इथे मोह असतात. मला हा मुद्दा फार जोरदार वाटायचा. तुम्हीही एकदम उत्तर दिलं नाहीत, कित्येक महिने घोळवलात. मग एकदा पुस्तकातून मान वर न करता म्हणालात, "मास्तर, तो कवी मेला तवा त्याचे देव बी जिवंतच होते. पहिल्या शंभर-दोनशे वर्सांतले ख्रिस्ती लोक त्याच देवांच्या गल्लीत ऱ्हायचे. त्यांनी त्याचं पुस्तक जाळलं असतं, तर त्या जर्मन बाबाच्या हातात काय आलं असतं?" मी म्हणालो, याचं उत्तर पुढच्या मंगळवारी देतो. ते उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

आणि मोठे साहेब? ते विलायतेला कायमचे निघाले तेव्हा स्टेशनावर मी त्यांना पोचवायला गेलो होतो. गाडी यायला वेळ होता. ते आपणहून म्हणाले, तुमच्या लग्नात ती बाई फार गोड गात होती, पुढे वस्तीत तसं गाणं कधी ऐकू आलं नाही, का बरं? त्यांच्या आवाजात नाराजी नव्हती, कसली शंकाही नव्हती. ज्या मानेला मी घाबरलो, ती मान गाण्याला हलली होती. मी त्यांना काय सांगितलं असेल? गिरणी आली म्हणून बायका आता दळत नाहीत, असं सांगितलं. तेव्हा आपल्या भागात गिरणी आलीही नव्हती.

हेसुद्धा मी तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही पोट धरून हसला असतात, की आत जाऊन दार लावून घेतलं असतंत, हे मला कळत नाही. इतकी वर्षं तुमच्याजवळ बसूनही एवढं मला कळत नाही.

राहेलबाई गेल्या त्याला तीन वर्षं झाली. शेवटच्या दुखण्यात सगुणा त्यांच्याजवळ असायची. एकदा मी गेलो तर दोघी गप्प झाल्या. मला वाटलं बायकांचं काही असेल. बाईंना माती दिल्यावर सगळे पांगले, तुम्ही कबरीपाशी एकटे उभे होतात, तेव्हा मी धीर करून जवळ आलो. "साहेब, त्या सभेत मी..." इतकंच बोललो. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "आत्ता न्हाई, मास्तर." मी ते धरून बसलो. आत्ता नाही, म्हणजे पुढे केव्हातरी. तुमच्या मनात तसं होतं का, की तुम्ही नुसतं मला गप्प केलंत? त्यानंतरचे किती मंगळवार गेले. दर वेळी तुम्ही पुस्तक उघडायचात आणि मला वाटायचं, आज नको.

दवाखान्यात शेवटचे चार दिवस मी रोज आलो. ताप चढलेला होता. तिसऱ्या दिवशी तुम्ही जरा शुद्धीवर होतात, म्हणालात, वाचा. मी मधमाश्यांच्या ओळी वाचल्या. मध्ये एक शब्द मी ऱ्हस्व म्हटला तर तुमचं बोट चादरीवर आपटलं. मी सुधारला. तुम्ही मान हलवलीत. त्या वेळी खोलीत आपण दोघंच होतो. माझ्या जिभेवर प्रश्न तयार होता, अकरा वर्षांचा: पाच जणांतून तुम्ही खुर्चीत मलाच का बसवलंत? मी तुमचा म्हणून? की मी कडक आहे, बाजू घेणार नाही म्हणून? तुमचा माझ्यावर विश्वास होता, की तुम्ही मला जोखत होता? ह्या प्रश्नाच्या उत्तरावर मी कोण आहे हे ठरतं, असं मला वाटत आलंय. पण तुमचा श्वास लागला होता. मी म्हटलं, दोन दिवसांत उतार पडेल, घरी आलात की विचारू. पाणी पाजलं आणि शाळेला गेलो. पोरांच्या परीक्षा होत्या.

परवाच्या रविवारी उपासनेनंतर मी पंचांची सभा बोलावली. याकोबदादा अजून इथेच आहेत, रस्ता बरा झाला की जातील. जुने पंच आम्ही दोघंच उरलो. मी ठराव मांडला, की जात्यावरच्या ओव्यांची बंदी उठवावी. भाषण तयार केलं होतं. त्यात तो जर्मन सुधारक होता, त्याची दोन पुस्तकं होती, तुमचं उत्तर होतं, आणि शेवटी माझी कबुली होती. भाषणाची गरजच पडली नाही. नव्या पंचांना अशी काही बंदी आहे हेच माहीत नव्हतं. एकजण म्हणाला, "उठवा की, कोन नको म्हनतंय?" पाच मिनिटांत एकमताने मंजूर झालं. कबुली खिशातच राहिली. उठताना याकोबदादा मला म्हणाले, "मास्तर, तवा आमी दोघं होतो, तुमचं एक मत पायजे होतं. आज समदी मतं हायेत, आन् म्हननारी कोन हाय?" ते रागाने बोलले नाहीत. थकून बोलले.

मी घरी आलो. सगुणा भाकरी थापत होती. मी उंबऱ्यावरच बसलो आणि तिला सांगितलं, की मंडळीने बंदी उठवली, आता ओव्या म्हणायला हरकत नाही. तिने थापलेली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

मग म्हणाली, "आता दळन गिरनीतून येतं."

मी म्हणालो, "जात्याशिवायही म्हणता येईल की. तुला खूप येत होत्या."

"येत होत्या. शंभराच्या वर आल्त्या माझ्यासंगं धावड्याहून." तिने भाकरी उलटली. "तुम्ही बंद म्हनलं. तोंडावर आली की गिळायची, तोंडावर आली की गिळायची. असं करून करून इसरले. आपोआप न्हाई इसरले, कष्टानं इसरले."

मी विचारलं, "एकही नाही उरली?"

तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "एक हाय. तुमच्या हळदीची. पाळकीनबाईनं जायच्या आधी माझ्याकडून घोकून घेतली, म्हनल्या ही सांडू नको."

मी म्हणालो, "म्हण ना."

तिने माझ्याकडे पाहिलं. लग्नानंतर ती माझ्याकडे अशी सरळ बघायला शिकली त्यालाही बरीच वर्षं झाली, पण ही नजर मी पाहिली नव्हती. तीत राग नव्हता. ती म्हणाली, "म्हनीन. पन तुम्ही घरात असताना न्हाई म्हननार."

पाळकसाहेब, मी उठलो, चपला पायांत घातल्या आणि बाहेर आलो. दार ओढून घेतलं. ओट्याशी उभा राहिलो असतो तर कदाचित कानावर पडलं असतं, म्हणून रेल्वेच्या फाटकापर्यंत चालत गेलो आणि तिथेच दगडावर बसून राहिलो. तासाभराने परतलो तेव्हा सगुणा माझं ताट वाढून बसली होती. तिने म्हटली की नाही, मी विचारलं नाही.